"मॅडम, पण दोघांचंही बरोबर वाटतंय"

नववीच्या वर्गात कायद्याचा पहिला तास घेताना मी फळ्यावर व्याख्या लिहीत नाही. गोष्ट सांगते. २६ ऑगस्ट १९२८ची रात्र, स्कॉटलंडमधलं पेझ्ली हे गाव. मे डोनोह्यू नावाची एक साधी बाई मैत्रिणीबरोबर कॅफेत बसलीय. मैत्रीण तिच्यासाठी आइस्क्रीम आणि जिंजर बिअर मागवते. नावात बिअर असलं तरी ही दारू नव्हे, आल्याच्या चवीचं फेसाळ पेय. बाटली गडद तपकिरी काचेची, त्यामुळे आतलं काही दिसत नाही. थोडं पेय ओतून डोनोह्यू पितात. उरलेलं ओतायला जातात तर बाटलीतून कुजलेली गोगलगाय बाहेर पडते. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. त्या आजारी पडल्या.

इथे मी थांबते आणि विचारते, भरपाई कोणाकडे मागायची?

"कॅफेवाल्याकडे!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो. मग मी आठवण करून देते की पैसे मैत्रिणीनं दिले होते. विकणारा कॅफेवाला, विकत घेणारी मैत्रीण. करार त्या दोघांमध्ये झाला, डोनोह्यूबाई त्यात कुठेच नाहीत. शिवाय बाटली सीलबंद आली होती, कॅफेवाल्याला आतलं काय दिसणार? "मग कंपनीकडे!" पण कंपनीनं तर या बाईंना काहीच विकलेलं नाही. तिला या बाई जगात आहेत हेही ठाऊक नाही.

आता वर्ग गप्प होतो. एवढं उघड दिसतंय की बाईंचं नुकसान झालं आणि चूक त्यांची नव्हती. तरी त्यांना दाद मागायला दारच नाही?

मग मी वर्गाचे दोन गट करते. बाईंच्या बाजूनं तावातावानं बोलणाऱ्या मुलांना मुद्दाम कंपनीची वकिली देते. सुरुवातीला ती कुरकुरतात. पण दहा मिनिटांत त्यांनाच मुद्दे सुचू लागतात. उद्या कोणीही उठून आमच्यावर दावा लावेल. बाटली कारखान्यातून निघाल्यावर ती कुठे ठेवली, कोणी हाताळली हे आम्हाला कसं कळणार? हजारो अनोळखी लोकांची जबाबदारी घ्यायची तर धंदा कोण करेल? गंमत म्हणजे, हे मुद्दे मुलांना आपले आपण सुचतात आणि प्रत्यक्ष खटल्यातही साधारण याच वळणाचे मुद्दे मांडले गेले होते.

मग कधीतरी कंपनीच्या बाजूचा एखादा मुलगा हात वर करून म्हणतो, "मॅडम, पण दोघांचंही बरोबर वाटतंय." या वाक्यासाठी मी तासभर वाट बघत असते. एका बाजूचं सगळंच चूक असेल तर न्यायाधीशाला फारसं काम उरत नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असतं आणि तरीही निकाल द्यावाच लागतो, तोही कारणं देऊन, तेव्हा कायद्याचं खरं काम सुरू होतं.

निकाल लागला २६ मे १९३२ला, ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये. तेव्हा तेच तिथलं सर्वोच्च न्यायालय होतं. पाचपैकी तिघांनी डोनोह्यूंच्या बाजूनं कौल दिला, दोघांनी विरोधात. म्हणजे देशातल्या सर्वांत अनुभवी न्यायाधीशांचंही एकमत झालं नाही, हे मुलांना मी आवर्जून सांगते. त्या तिघांपैकी लॉर्ड अॅटकिन यांनी शेजाऱ्यावर प्रेम करा या धर्मवचनाचा धागा पकडून विचारलं की कायद्याच्या दृष्टीनं माझा शेजारी कोण? त्यांचं उत्तर असं होतं की माझ्या कृतीचा ज्यांच्यावर थेट आणि जवळून परिणाम होईल हे मला आधीच लक्षात यायला हवं, ते सगळे माझे शेजारी, मग मी त्यांना कधी भेटलेलो नसलो तरी. करार असो वा नसो, त्यांना इजा होऊ नये याची वाजवी काळजी मी घेतली पाहिजे. निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीचा आधुनिक कायदा अनेक देशांत याच निकालाच्या पायावर उभा आहे. दोष असलेल्या वस्तूमुळे इजा झाली तर थेट उत्पादकाला जबाबदार धरता येतं, या विचाराची एक मोठी वाट त्या तपकिरी बाटलीतून निघाली.

शेवटी एखादी मुलगी विचारतेच, "पण गोगलगाय खरंच होती का?" ते कधीच सिद्ध झालं नाही. हाउस ऑफ लॉर्ड्ससमोरचा प्रश्न एवढाच होता की बाई सांगतात तसंच घडलं असं धरलं, तरी कंपनी कायद्यानं जबाबदार ठरेल का? त्याचं उत्तर 'हो' आलं. गोगलगायीची शहानिशा पुढे खालच्या न्यायालयात व्हायची होती, पण तोवर उत्पादक स्टीव्हन्सन वारले आणि प्रकरण तडजोडीत मिटलं. मुलं वैतागतात. मी त्यांना वैतागू देते, कारण त्या वैतागातच त्यांना एक मोठा फरक कळून जातो. 'काय घडलं' हा एक प्रश्न आणि 'जे घडलं त्याबद्दल कायदा काय म्हणतो' हा दुसरा. घराघरातल्या, गटागटातल्या भांडणांतही निम्मा गोंधळ या दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यानं होतो.

कायदा शिकवायची आपली नेहमीची पद्धत याच्या अगदी उलटी आहे. आधी संस्थांची उतरंड, मग कलमं, मग शिक्षा. मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. मनात उरते फक्त भीती. कायदा म्हणजे पोलीस, कायदा म्हणजे तुरुंग, कायदा म्हणजे आपण काहीतरी चुकणार आणि कोणीतरी पकडणार. ही पद्धत मला मनापासून खटकते. ज्याच्या हातात बळ आहे त्याला "का?" असं विचारायची आणि त्याच्याकडून उत्तर मिळवायची सोय म्हणजे कायदा. कंपनी असो, सरकार असो, नाहीतर मुख्याध्यापक. मुलांना शिकवायची ती ही गोष्ट, आणि ती सरावानंच अंगी येते.

चांगलं वागणं आणि कायद्यानं वागणं

नियम, नीती आणि कायदा या तिन्हींची मुलांच्या डोक्यात खिचडी झालेली असते, मोठ्यांच्याही असते. ती सोडवायला मी एक प्रसंग देते. तळ्यात कोणीतरी बुडतंय. काठावर उभ्या माणसाला पोहता येतं, शेजारी दोरही पडलाय. तो नुसता बघत राहतो आणि बुडणारा मरतो. हा गुन्हा आहे का?

वर्गातल्या बहुतेकांना वाटतं की असणारच. पण इंग्लंडमध्ये, जर तो माणूस बुडणाऱ्याचा पालक किंवा जीवरक्षक नसेल, म्हणजे वाचवण्याची खास जबाबदारी त्याच्यावर नसेल, तर अनोळखी माणसाला वाचवायलाच हवं असं कायदा सर्वसाधारणपणे म्हणत नाही. फ्रान्स आणि जर्मनीत मात्र, स्वतःला धोका न पत्करता मदत करता येत असूनही ती न करणं हा गुन्हा आहे. माणूस तोच, तळंही तेच, आणि नीतीच्या दृष्टीनं तर तो सगळीकडेच वाईट वागला. पण कायदा कुठे त्याला पकडतो, कुठे सोडून देतो. 'वाईट' आणि 'बेकायदेशीर' ही दोन वर्तुळं एकमेकांत बरीचशी गुंतलेली असतात, पण ती एक नाहीत, हे मुलांना इथे नीट दिसतं. मग पुढचा प्रश्न मुलं स्वतःच काढतात, प्रत्येक वाईट गोष्टीसाठी कायदा असावा का? खोटं बोलणं? मैत्रिणीचं गुपित फोडणं? त्यावर होणारी चर्चा मी कधीच आवरती घेत नाही.

याच्या उलट टोकाचं उदाहरण स्वीडनचं. तिथे वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालत, शेजारच्या देशांत उजव्या. १९५५मध्ये बाजू बदलण्यावर सार्वमत घेतलं, तेव्हा लोकांनी प्रचंड बहुमतानं नकार दिला. तरी पुढे संसदेनं बदल ठरवला, आणि ३ सप्टेंबर १९६७च्या पहाटे पाच वाजता अख्खा देश डावीकडून उजवीकडे आला. पाचला दहा मिनिटं असताना रस्त्यावरच्या वाहनांनी थांबायचं, सावकाश पलीकडच्या बाजूला जायचं आणि पाचच्या ठोक्याला पुढे निघायचं, असा हुकूम होता. डावी बाजू पापाची आणि उजवी पुण्याची असं काही नव्हतं. दोन्ही सारख्याच. फक्त सगळ्यांनी एकच धरायला हवी होती. कायद्याचा मोठा भाग असा असतो, कोणालाही शिक्षा करण्यासाठी नसलेला, एकमेकांचा अंदाज यावा म्हणून केलेला. वजनमापं, मुदती, नोंदी, सह्या, वारसा, करार. मुलं पोलिसांपलीकडचा कायदा पहिल्यांदा इथे बघतात.

एका शब्दावरून

कायदा शब्दांत लिहिलेला असतो आणि शब्द निसरडे असतात. ऑक्सफर्डचे कायदेतत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९५८मध्ये एक साधा नियम चर्चेला घेतला: बागेत वाहन आणण्यास मनाई. मोटार नको, हे स्पष्ट. पण सायकल? रोलर स्केट? खेळण्यातली गाडी? त्याच वर्षी हार्वर्डच्या लॉन फुलर यांनी त्यांना उलट विचारलं की लोकांनी महायुद्धातला चालू स्थितीतला लष्करी ट्रक स्मारक म्हणून बागेतल्या चौथऱ्यावर बसवला तर? ते 'वाहन' आहे का?

मी हा नियम फळ्यावर लिहिते आणि बाजूला होते. रुग्णवाहिका, चाकाची खुर्ची, बाळाची ढकलगाडी, माळ्याची हातगाडी, सगळं मुलंच काढतात. थोड्या वेळात वर्गाचे आपोआप दोन तट पडतात. एक म्हणतो, शब्द म्हणजे शब्द, प्रत्येकानं आपापला अर्थ लावायचा तर नियम कशाला? दुसरा म्हणतो, नियम कशासाठी केला ते बघा, शांतता आणि सुरक्षितता हवी म्हणून ना, मग रुग्णवाहिका अडवणं हा मूर्खपणा. जगभरच्या न्यायालयांत हाच वाद रोज चालतो, फक्त बागेच्या जागी कर असतो, जमीन असते किंवा कोणाचं स्वातंत्र्य असतं. एकदा एका मुलीनं विचारलं, "पण हेतू काय होता हे ठरवायचं कोणी? नियम करणारा तर आता नाही." त्या प्रश्नावर पदव्युत्तर वर्गांत सत्रंच्या सत्रं जातात.

मला कळलं, म्हणजे सिद्ध झालं का?

पुराव्याच्या तासाला मी एका सहकाऱ्याची मदत घेते. तास चालू असताना ते धाडकन आत येतात, टेबलावरची माझी पिशवी उचलतात, दोन शब्द बोलतात आणि निघून जातात. दोन मिनिटांनी मी सगळ्यांना कागद काढायला सांगते. सदऱ्याचा रंग? चष्मा होता? पिशवी कोणत्या हातात? काय म्हणाले? बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्झ फॉन लिस्ट या कायद्याच्या प्राध्यापकांनी आपल्या वर्गात असाच भांडणाचा बनाव घडवून आणला होता, त्यात तर पिस्तूलही होतं, आणि पाहणाऱ्यांच्या जबान्यांमध्ये चुकाच चुका निघाल्या होत्या.

मागच्या वेळी माझ्या वर्गात सदरा निळा, राखाडी, हिरवा आणि 'चौकटीचा' निघाला. तो पांढरा होता. सगळ्यांत खात्रीनं सांगणारा मुलगा सगळ्यांत जास्त चुकला होता, आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच निळा आठवत होता. कागद परत घेताना त्याचा चेहरा पडला होता. त्याला मी म्हटलं, तुझ्यामुळे आज सगळ्यांना कळलं की साक्षीदार प्रामाणिक असूनही चुकू शकतो.

या अनुभवानंतर 'आरोपी' आणि 'गुन्हेगार' या शब्दांतलं अंतर समजावावं लागत नाही. ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी. गुन्हा सिद्ध झाल्यावरच तो गुन्हेगार. तोवर त्याला निर्दोष धरायचं आणि सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर टाकायचा. बातम्यांत आणि फोनवर फिरणाऱ्या चित्रफितींत हा फरक रोज पुसला जातो, म्हणून मी त्याबद्दल हट्टी आहे.

इथेच फौजदारी आणि दिवाणी ही दोन नावंही येतात. समजा एकानं दुसऱ्याला मारून त्याचा हात मोडला. सरकार त्याच्यावर फौजदारी खटला भरेल. तिथे शिक्षा होऊ शकते, तुरुंगही होऊ शकतो, म्हणून गुन्हा वाजवी संशयाला जागा उरणार नाही इतका सिद्ध करावा लागतो. आणि ज्याचा हात मोडला तो वेगळा दिवाणी दावा लावून उपचारांचा खर्च मागू शकतो. तिथे प्रश्न भरपाईचा असतो, म्हणून कोणाचं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त, एवढं पाहिलं जातं. घटना एक, खटले दोन, आणि पुराव्याची मापंही दोन. त्यामुळे एकच माणूस एकीकडे सुटू शकतो आणि दुसरीकडे भरपाईला जबाबदार ठरू शकतो. यात विसंगती काही नाही. माणसाचं स्वातंत्र्य काढून घ्यायचं तर जास्त खात्री हवी, इतकंच.

पेन्सिलनं लिहिलेला अर्ज

१९६१मध्ये अमेरिकेत, फ्लोरिडातल्या पनामा सिटीत क्लॅरेन्स गिडियन नावाच्या गरीब माणसावर एका पूल हॉलमध्ये, म्हणजे बिलियर्डसारखा खेळ खेळायच्या जागी, घुसून चोरी केल्याचा आरोप आला. न्यायालयात त्यानं वकील मागितला. न्यायाधीश म्हणाले, देहदंडाची शिक्षा होऊ शकेल अशाच खटल्यात या राज्यात सरकारी खर्चानं वकील मिळतो, तुमचं प्रकरण तसं नाही. गिडियननं स्वतःच बचाव केला. साक्षीदारांना त्याच्या परीनं प्रश्न विचारले. पाच वर्षांची शिक्षा झाली.

तुरुंगातून त्यानं पेन्सिलनं, तुरुंगाच्याच कागदावर, सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला. न्यायालयानं तो दाखल करून घेतला आणि त्याची बाजू मांडायला नामवंत वकील दिला. १८ मार्च १९६३ला सगळ्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं ठरवलं की गंभीर फौजदारी खटल्यात ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकारनं वकील दिलाच पाहिजे. गिडियनवर खटला पुन्हा चालला. या वेळी वकील होता. त्यानं मुख्य साक्षीदाराची उलटतपासणी नीट केली, आणि ज्युरीनं, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळानं, तासाभरात गिडियनला निर्दोष सोडलं.

मुलांना मी विचारते, दोन्ही खटल्यांत काय बदललं? आरोप तोच, माणूसही तोच. कायद्यापुढे सगळे समान असं पुस्तकात छापणं सोपं आहे. पण तिथे उभं राहून बोलायचं कसं हेच एकाला येत नसेल आणि समोर शिकलेला सरकारी वकील असेल, तर ती समानता कागदावरच राहते. एक मुलगा म्हणाला होता, "म्हणजे वकील हा वाईट माणसाला वाचवणारा नसतो." "मग कोण असतो?" मी विचारलं. तो बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "जो आपल्यासाठी नीट प्रश्न विचारतो तो."

लिहिलेला कायदा न्याय्य असतोच असं नाही

बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याची कायद्यांची संहिता जवळपास पावणेचार हजार वर्षांपूर्वीची. सव्वादोन मीटर उंच काळ्या दगडावर कोरलेली ती आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. 'डोळ्याला डोळा' हे तिच्यातलं वचन सगळ्यांना माहीत असतं. पण पुढचं वाचलं की वर्ग चपापतो. उच्च दर्जाच्या माणसाचा डोळा फोडला तर फोडणाऱ्याचा डोळा फोडायचा. सामान्य माणसाचा फोडला तर चांदीचा दंड. गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीच्या निम्मे पैसे, आणि तेही त्याच्या मालकाला. कायदा सर्वांसमोर लिहून ठेवणं ही मोठीच मजल होती, कारण मग राजाच्या लहरीला लगाम बसतो. पण लिहिलेल्या अक्षरांतच विषमता भरलेली असेल तर? तिथे मुलांना प्रश्न पडायला हवा, आणि पडतोही.

मग मी महाडचा दाखला देते, कारण तिथे गोष्ट उलटी आहे. तिथे ठराव चांगला होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव मुंबई विधिमंडळानं १९२३मध्ये केला, आणि त्याला धरून महाड नगरपालिकेनं १९२४मध्ये चवदार तळं अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुलं केलं. कागदावर. प्रत्यक्षात त्या पाण्याला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो लोकांनी तिथे जाऊन पाणी प्यायलं. त्यांच्यावर हल्ले झाले, नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला, विरोधकांनी न्यायालयात दावा लावला. तो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७मध्ये आंबेडकरांच्या बाजूनं निकाल लागला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कायदा आणि समाज यांच्यातली ओढाताण मुलांना आपसूक दिसते. कधी कायदा समाजाच्या मागे असतो, तेव्हा लोकांनी तो बदलायला लावावा लागतो. कधी तो समाजाच्या पुढे असतो, तेव्हा कोणीतरी धाडस करून त्याचा वापर करावा लागतो, नाहीतर तो कपाटात पडून राहतो.

शाळेच्या फाटकापाशी

आता शाळेबद्दल. मी आठवीत असताना वर्गातली एक खिडकी फुटली आणि मला महिनाभर खेळाच्या तासाला बसवून ठेवलं. मी त्या वेळी वर्गातही नव्हते. कोणी विचारलंच नाही. शिक्षेचं फारसं काही वाटलं नाही, पण विचारलं नाही हे आज इतक्या वर्षांनीही टोचतं.

नैसर्गिक न्यायाची दोन तत्त्वं आहेत, आणि ती समजायला कायद्याची पदवी लागत नाही. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, आणि स्वतःच्या भांडणात स्वतःच न्यायाधीश व्हायचं नाही. तिसऱ्या तासाला ही तत्त्वं शिकवायची आणि चौथ्या तासाला मुलाचं म्हणणं न ऐकता त्याला वर्गाबाहेर काढायचं, हे ज्या शाळेत घडतं तिथे मुलं चौथ्या तासाचा धडा लक्षात ठेवतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं बारावं कलम हेच सांगतं की मुलाशी संबंधित बाबींत त्याला आपलं मत मांडू द्यावं आणि त्याच्या वयाला व समजेला साजेसं वजन त्या मताला द्यावं. मूल म्हणेल तसंच करा, असं ते म्हणत नाही. ऐका, असं म्हणतं.

मुलांच्या वयाच्या मुलांचे खटले या टप्प्यावर फार उपयोगी पडतात. १९६५मध्ये अमेरिकेतल्या डेमॉइन शहरात काही विद्यार्थी व्हिएतनाम युद्धाचा निषेध म्हणून दंडाला काळी फीत बांधून शाळेत आले. त्यांतली एक मुलगी तेरा वर्षांची होती. शाळेनं त्यांना घरी पाठवलं. १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की विद्यार्थी आपले घटनात्मक हक्क शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून आत येत नाहीत. मात्र वर्गाच्या कामात मोठा अडथळा येत असेल तर शाळा आवर घालू शकते.

दुसरा खटला केरळमधल्या तीन भावंडांचा. ती राष्ट्रगीताच्या वेळी आदरानं उभी राहत, पण त्यांच्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८५मध्ये त्यांना शाळेतून काढलं गेलं. १९८६मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला सांगितलं. गाण्याची सक्ती करणारा कोणताही कायदा नाही, आणि नीट उभं राहणाऱ्यानं अनादर केला असं म्हणता येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं.

या खटल्यावर माझ्या वर्गात मतं हमखास फाटतात, काही मुलं चिडतातही. मी कोणाचं मत बदलायला जात नाही. एकच अट घालते. विरोध करायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि "हो, मला हेच म्हणायचं होतं" असं समोरच्यानं कबूल केल्यावरच आपलं बोलायचं. पहिल्या दोन-तीन वेळा हे कोणालाच जमत नाही. मुलं समोरच्याचा मुद्दा पाडता यावा म्हणून तो मुद्दाम लंगडा करून सांगतात, आणि समोरचा म्हणतो, "नाही, मी असं म्हटलंच नव्हतं." मग पुन्हा. हे शिकवायला जितका वेळ जातो तितका कुठल्याही कलमाला जात नाही, आणि तो वेळ मी आनंदानं देते.

शेवटच्या दोन तासांत मुलं स्वतः एक नियम लिहितात. यंदाच्या वर्गानं विषय निवडला फोनचा. पहिला मसुदा एका ओळीचा होता: वर्गात फोन आणण्यास मनाई. बागेतल्या वाहनाचा धडा झालेला असल्यामुळे लगेच हात वर झाले. दप्तरात बंद ठेवलेला चालेल का? मधल्या सुट्टीत? शिक्षकांनी आणलेला? मागच्या बाकावरची एक मुलगी सहसा बोलत नाही. ती म्हणाली, तिच्या दंडावर रक्तातली साखर मोजणारा सेन्सर आहे आणि तो फोनला जोडलेला असतो. फोन बंद झाला तर साखर उतरल्याचा इशारा तिला मिळणार नाही. वर्गातल्या बऱ्याच जणांना हे माहीतच नव्हतं.

मसुदा चार वेळा खोडला गेला. अपवाद आले, अपवाद कोण मान्य करणार ते आलं, फोन जप्त केला तर किती दिवसांत परत द्यायचा ते आलं, आणि जप्तीआधी मुलाला बोलू द्यायचं हेही आलं. शेवटी सगळ्यांच्या सह्या व्हायच्या होत्या. सही करताना तीच मुलगी थांबली. कागदावर बोट ठेवून तिनं विचारलं, "इथे 'आजारी विद्यार्थी' लिहिलंय. मी आजारी नाहीये. हा शब्द बदलता येईल का?"

पेन पुन्हा उघडलं गेलं.